शिंदखेड्यातल्या बाळंतिणीचे बेचाळीस दिवस

धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात घरी बाळंत होणाऱ्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मात्र टिकून आहे. सुरतेला उधना-लिंबायतकडे दिलेली लेक सातव्या-आठव्या महिन्यात सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने दोंडाईचा, शिंदखेडा नाहीतर नरडाण्याला उतरते आणि आईच्या घरी येऊन राहते. कळा सुरू झाल्या की घरचे १०८ ला फोन लावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. सुईणीच्या भरवशावर जीव टांगणीला लागायचा तो काळ आजच्या आज्यांनी स्वतः पाहिलेला आहे, म्हणून या आकड्याचं मोल मोठं आहे.

पण साध्या बाळंतपणात दवाखान्यातला मुक्काम दोन-तीन दिवसांचा असतो, सिझर झालं तर आठवडाभराचा. पुढचा सगळा काळ माहेरच्या मधल्या खोलीत जातो. वैद्यकशास्त्र हा काळ बेचाळीस दिवसांचा धरतं, कारण गर्भाशय मूळ आकारावर यायला साधारण सहा आठवडे लागतात. आयुर्वेदाने सूतिकेसाठी दीड महिना सांगितला आहे आणि आपल्या घरांत सव्वा महिना पाळतात. किती दिवस जपायचं याबद्दल तिघांचं जवळजवळ एकमत आहे. कसं जपायचं आणि कुणाला जपायचं, इथे मात्र मोठी तफावत पडते. गेल्या पंचवीस वर्षांत या दिवसांमधल्या बाळाकडे पाहणारी यंत्रणा गावोगाव उभी राहिली. बाळाच्या आईकडे त्याच नजरेने पाहणं अजून बाकी आहे.

यंत्रणेचं मूळ महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि २०११ पासून ती पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग झाली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. गडचिरोलीतल्या याच गटाचा दुसरा अभ्यास मात्र तितका लोकांपर्यंत पोहोचला नाही. त्यात ७७२ बायांच्या बाळंतपणाचा आणि त्यानंतरच्या दिवसांचा बारकाईने माग ठेवला होता. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५२.६ टक्के बायांना काही ना काही आजार झाला होता. बाळंतपणानंतरच्या आजारांत पहिला क्रमांक स्तनांच्या तक्रारींचा होता, १८.४ टक्के. उशिरा होणारा रक्तस्राव १५.२ टक्के आणि जननमार्गाचा जंतुसंसर्ग १०.२ टक्के होता. ती बाळंतपणं बहुतांश घरची होती. दवाखान्यात गेल्याने जंतुसंसर्ग कमी होतो हे खरं, पण दूध दाटणं, स्तनाग्राला चिरा पडणं, गाठ होणं हे घरी परतल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू होतं. तेव्हा जवळ डॉक्टर नसतो, सिस्टरही नसते.

स्तनपानाचा सगळा प्रश्न या चौथ्या-पाचव्या दिवसाभोवती फिरतो, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं.

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात छातीशी लावावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात ते ५३.२ टक्के बाळांच्याच वाट्याला आलं. त्याआधीच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हा आकडा ५७.५ होता. म्हणजे दवाखान्यातली बाळंतपणं वाढली आणि पहिल्या तासातलं पाजणं घटलं. त्याच काळात सिझरचं प्रमाण २०.१ वरून २५.४ टक्क्यांवर गेलं, त्याचा यात वाटा असणार. सिझर झालेल्या बाईला दूध उशिरा येतं आणि तिने पाजायचं नसतं, असा समज खान्देशातच नव्हे, सगळीकडे आहे. खरं तर कमरेत इंजेक्शन देऊन केलेल्या सिझरनंतर आई शुद्धीवर असते. कुणी बाळाला आधार दिला तर ती पडल्यापडल्या पाजू शकते. फक्त तेवढा आधार द्यायला माणूस लागतं, आणि गर्दीच्या वॉर्डात तेच कमी पडतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांचा पिवळसर दाट चीक थोडासाच असतो, चमचा-दोन चमचे. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात मावतंही तेवढंच. रोगांशी लढणारी प्रतिपिंडं आणि जीवनसत्त्व ‘अ’ त्यात भरपूर असतं. चीक पिळून टाकून द्यायची पद्धत आता बरीच मागे पडली, हे आशाताई आणि अंगणवाडी सेविकांचं यश आहे. तरी मध चाटवणं आणि सहाणेवर गुटी उगाळून देणं सुरूच असतं. मधात कधीकधी अशी जंतुबीजं असतात की त्यांनी वर्षाच्या आतल्या बाळाला पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो. गुटीतलं वेखंड-जायफळ किती उगाळलं गेलं याचा हिशेब नसतो, आणि सहाण, पाणी व बोट तिन्ही स्वच्छ असतील याची खात्री नसते. आजीची माया खरी असली तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला गुटीची गरज नाही.

मग येतो तो चौथा-पाचवा दिवस. दूध उतरतं, छाती दगडासारखी होते, बाळाला नीट धरता येत नाही, स्तनाग्र दुखतं, बाळ रडतं. घरातली मोठी बाई म्हणते, “दूध पुरत नई व माय.” या एका वाक्यावर कितीतरी बाळांची बाटली सुरू झाली आहे. शरीराची रीत मात्र वेगळी आहे. दूध किती बनायचं हे बाळ किती ओढतं त्यावर ठरतं. आपल्याकडच्या विहिरीसारखंच, उपसा चालू राहिला तर झिरे वाहते राहतात. बाळाला दोन वेळा वरचं दूध पाजलं की ते तेवढं कमी ओढतं, तेवढं दूध कमी बनतं, आणि आठवड्याभरात दूध खरोखरच पुरेनासं होतं. रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही ते यासाठीच, दूध बनवणाऱ्या संप्रेरकाचा जोर रात्री जास्त असतो.

पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होते का, आणि जन्मानंतर थोडं उतरलेलं वजन दहा ते चौदा दिवसांत भरून येतं का, हे पाहावं. आशाताईच्या झोळीतला वजनकाटा इथे सासूच्या, आईच्या आणि शेजारणीच्या मतापेक्षा भरवशाचा आहे. वजन खरंच वाढत नसेल तर आधी बाळ छातीला कसं धरलंय ते तपासावं. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं असावं, हनुवटी छातीला टेकलेली असावी, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. नुसतं स्तनाग्र न घेता भोवतालचा काळा भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला पाहिजे. पाजताना सतत दुखत असेल तर धरणं चुकतंय असं समजावं. या एकाच गोष्टीवर मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीसह अनेक भाषांत व्हिडिओ तयार केले आहेत. मोबाइल आता बहुतेक घरांत आहे. अंगणवाडीत गरोदर बायांना सातव्या महिन्यातच ते दाखवले तर चौथ्या दिवशीची धांदल बरीच कमी होईल.

छातीत गाठ झाली, लाल झाली, ताप आला तरी पाजणं थांबवायचं नाही, हे अनेक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसतं. थांबवलं की गाठ वाढते आणि पू होण्याची भीती असते. पाजत राहायचं, उरलेलं दूध हाताने काढायचं आणि दिवसभरात उतार पडला नाही तर दवाखाना गाठायचा.

डब्याच्या दुधाबद्दल आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बाळाच्या दुधाच्या पावडरीची, बाटलीची जाहिरात करायला, आईला फुकट नमुने द्यायला बंदी आहे. तरी ‘बाहेरचं सुरू करा’ असा तोंडी सल्ला मिळतो आणि दुकानात डबा सहज मिळतो. काही बायांना त्याची खरोखर गरज असते, त्यांना कुणी टोचून बोलू नये. ज्या बाळाला आईचं दूध मिळू शकत नाही आणि जे फार कमी वजनाचं आहे, त्याच्यासाठी दुसऱ्या आईचं दूध ही पहिली पसंती असते. आशियातली पहिली दूधपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली. ही सोय जिल्ह्याच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात असायला हवी.

खान्देशच्या उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा घ्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि घरातल्यांना वाटतं, बाळाचा घसा सुकला असेल, चमचाभर पाणी द्यावं. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. बाळाला पाणी लागत नाही, जास्त वेळा पाजावं लागतं. पाणी लागतं ते आईला, आणि नेमकं तिचंच पाणी तोडलं जातं. ‘बाळंतिणीचं पोट सुटतं’, ‘टाके पिकतात’ म्हणून तिला कपभर कोमट पाण्यावर ठेवणारी घरं शिंदखेड्यापासून शहाद्यापर्यंत आहेत. परिणाम असा होतो की लघवीला जळजळ होते आणि शौचाला कडक होऊन टाक्यांवर ताण येतो. बाळंतिणीला तहान लागेल तेव्हा पाणी द्यावं आणि दर वेळी पाजायला बसताना तांब्या तिच्या हाताशी ठेवावा.

खाण्याचंही तसंच आहे. डिंकाचे, मेथीचे लाडू, हळिवाची खीर, खारीक-खोबरं, बाजरीची भाकर, लसूण, शेपू, ओवा ही सगळी यादी चांगली आहे. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात, म्हणजे नेहमीच्या जेवणावर साधारण दोन भाकरी, वाटीभर डाळ आणि पेलाभर दूध. लाडवांनी उष्मांकाची भर पडते. अडचण आहे ती यादीतून वगळलेल्या पदार्थांची. डाळ वातूळ, भाजी थंड, दही थंड, केळ थंड, उडीद जड. केळीच्या खान्देशात बाळंतिणीला केळ नाही आणि कळण्याच्या भाकरीच्या मुलखात तिला उडीद नाही! तूप-गुळाने पोट भरतं, पण प्रथिनं आणि ब१२ तुपातून मिळत नाही, आणि अंगावरून गेलेल्या रक्ताची भरपाई गुळाने होत नाही. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यात बाळंतपणाची भर पडते. दादरची किंवा बाजरीची भाकर, मुगाची डाळ, मेथी, शेवगा, शेंगदाणे, तीळ, चालत असेल तिथे अंडी आणि मासे, हे सगळं पहिल्या आठवड्यापासून खाता येतं. आईने डाळ खाल्ली म्हणून बाळाचं पोट दुखतं याला भक्कम आधार मिळालेला नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. उपकेंद्रात त्या फुकट मिळतात आणि बहुतेक घरांत फडताळात पडून राहतात.

तेलाचं मालीश, गरम पाण्याची अंघोळ यांनी बाईला बरं वाटतं, ते चालू राहावं. बाजेखाली शेगडी ठेवून दार-खिडक्या बंद करण्याची रीत मात्र सोडायला हवी. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, बाळ धुरात श्वास घेतं, आणि मे महिन्यात तर हा छळच आहे.

सव्वा महिन्याच्या विश्रांतीला मी या परंपरेतली सगळ्यात मोलाची गोष्ट मानते. चूल नाही, हंडा नाही, शेत नाही. बाळाला पाजणं आणि झोपणं एवढंच काम. पाश्चात्त्य देशांत बायांना आठवड्याभरात घर सांभाळावं लागतं, तिथल्या तज्ज्ञांनाही असा विश्रांतीचा काळ हवासा वाटू लागला आहे. पण ही विश्रांती कुणाला मिळते? माहेरी दोन वेळचं नीट असेल तिला. धुळे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार जवळजवळ तिसरा हिस्सा लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तालुक्यातल्या भिल्ल वस्तीतली मजूर बाई, उचल घेऊन कोयत्याबरोबर गेलेली बाई, कापूस वेचणीच्या दिवसांत बाळंत झालेली बाई सव्वा महिना बाजेवर राहू शकत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार बाईला २६ आठवडे पगारी रजा मिळते, पण तो कायदा दहा किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या आस्थापनांना लागू आहे. निंदणीला जाणाऱ्या बाईला तो दिसतही नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार आहेत, तेही पहिल्या बाळासाठी. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. रोज अडीचशे रुपये धरले तर पाच हजार म्हणजे वीस दिवसांची मजुरी झाली. बेचाळीस दिवसांच्या विश्रांतीची अर्धीही किंमत त्यातून निघत नाही, आणि सहा महिने निव्वळ आईचं दूध पाजायचं तर हिशेब त्याहून फार लांब जातो. आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण मिळतं. शिंदखेड्याच्या बऱ्याचशा मजूर वस्त्या त्या क्षेत्राच्या बाहेर पडतात. भूक मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. हे जेवण तिथेही मिळावं, अशी मागणी जिल्हा परिषदेत व्हायला हवी.

लवकर कामावर परतण्याचे परिणाम वर्षांनी दिसतात. अंग बाहेर येणं, कंबर कायमची धरणं, खोकला आला की लघवी होणं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२३ मध्ये अंदाज मांडला की दर वर्षी जगात किमान चार कोटी बायांना बाळंतपणामुळे दीर्घकाळ टिकणारा त्रास होतो. आपल्याकडे बाया हे त्रास सांगतच नाहीत, ‘बाईच्या जातीला असतंच’ म्हणून सोसतात. शिंदखेडा अवर्षणाचा तालुका आहे, पाण्याचा हंडा डोक्यावरून उतरायला अजून वेळ लागेल. पण सहा आठवडे तो दुसऱ्या कुणी उचलावा, नवऱ्यानेही उचलावा. लघवी रोखतो तसे खालचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम पडल्यापडल्या करता येतो, त्याला खर्च नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र एक दिवसही वाट पाहायची नाही. तासाभरात कापडाची घडी भिजेल इतकं रक्त, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी, थंडी वाजून ताप, डोकं फुटेल असं दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं. ताप आला की ‘दुधाचा ताप’ म्हणून सोडून देतात, तो बाळंतरोग असू शकतो. शिंदखेड्याच्या ग्रामीण रुग्णालयातून गरज पडली तर धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतात, आणि सरकारी दवाखान्यात बाळंतिणीचे उपचार २०११ च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत.

आणि मन. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं बहुतेक बायांना होतं, ते आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल, बाळाकडे पाहवत नसेल, जगणं नको वाटत असेल तर तो आजार आहे. गोव्यात म्हापशाला केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के जणींना नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी तणाव आणि मुलगी होणं या गोष्टींनी धोका वाढत होता. आपल्याकडेही पहिली मुलगी झाली की भेटायला येणाऱ्यांचे चेहरे बाळंतीण वाचते. राज्यात १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण २१.९ टक्के आहे आणि धुळे त्या सरासरीच्या वर आहे. एकोणिसाव्या वर्षी आई झालेल्या पोरीला आपल्याला काय होतंय हे सांगायला शब्दही नसतात. तिला ‘बाहेरचं’ झालं म्हणून भगताकडे नेण्याआधी १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतून मोफत बोलता येतं.

आशाताईच्या तपासणीच्या तक्त्यात आईचेही प्रश्न आहेत: दिवसातून किती वेळा पोटभर जेवते, रक्तस्राव किती, ताप आहे का, दूध येतं का. पण उत्तरं बहुधा तिची आई किंवा सासू देते, बाळंतीण खाली मान घालून बसते आणि सगळ्यांचं लक्ष वजनकाट्याकडे असतं. आशाताईने तिच्याशी पाच मिनिटं एकटीने बोलायला मागावं आणि घरच्यांनी ती पाच मिनिटं द्यावीत. बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या लसीसाठी उपकेंद्रात जाणं होतंच. त्या दिवशी आईचंही रक्त, रक्तदाब, टाके आणि छाती तपासून घ्या, पाळणा लांबवण्याबद्दल विचारा, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तिच्या रकान्यात नोंद झाल्याशिवाय तिथून निघू नका.